दुकानात परत जाण्याआधी

चि. एअर रायफल हिस,



तुला दुकानात परत द्यायची भाषा सुरू झाली आहे, हे तुझ्याही कानावर आलं असेल. घरात येऊन तुला महिनासुद्धा झालेला नाही. तुझी मालकीण माझी भाची. तिची तक्रार एका ओळीची आहे: स्कोप लावूनही १० मीटरवर पाच छर्रे पाच ठिकाणी जातात, म्हणजे रायफलच खराब निघाली. तिने झाडलेले कागद मी मागवून घेतले, टेबलावर ओळीने मांडले आणि मग हे पत्र लिहायला बसलो. ते बंद पाकिटात घातलं नाही, कारण तुझ्यासारख्या पुष्कळ रायफली पहिल्या महिन्यातच बदनाम होतात. कुणी माळ्यावर जाते, कुणी निम्म्या किमतीत विकली जाते. आणि नवी रायफल आली तरी नेम तसाच विस्कटलेला राहतो, कारण खरा दोष स्कोपच्या माऊंटमध्ये नाहीतर छर्ऱ्यांच्या डबीत होता आणि ते दोन्ही जुनेच वापरात असतात.

माझी सगळी नोकरी शिरोलीच्या एमआयडीसीत लेथ आणि ग्राइंडिंगवर गेली. तिथे एक गोष्ट अंगात मुरते. जॉब मापाबाहेर गेला की आधी जॉबकडे नीट बघायचं. टेपर आलाय, ओव्हल आलाय, की चॅटरच्या रेघा उमटल्यात? प्रत्येकाचं कारण वेगळं असतं आणि ते जॉबवरच दिसतं. हाताला येईल ते चाक फिरवत सुटलं तर कारण सापडत नाही, वर आधीचं सेटिंगही जातं. तुझ्या बाबतीत जॉब म्हणजे तो भोकं पडलेला कागद.

पहिल्याच कागदावर प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं आहे: ‘दोन क्लिक वर’, ‘तीन डावीकडे’, ‘परत एक उजवीकडे’. म्हणजे एक छर्रा झाडायचा, भोक बघायचं, स्कोपची घुंडी फिरवायची, मग दुसरा झाडायचा. या कागदावरून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. पाच छर्रे पाच वेगवेगळ्या सेटिंगवर झाडले गेले. ते एका जागी पडले असते तरच मला आश्चर्य वाटलं असतं.

पाच छर्रे एकमेकांजवळ पडणं हा एक प्रश्न. ती जागा कागदाच्या मधोमध असणं हा दुसरा. रेंजवरची पोरं पहिल्याला ग्रुपिंग म्हणतात, दुसऱ्याला झिरो करणं. स्कोपच्या घुंड्या फक्त दुसऱ्या कामासाठी असतात. पहिल्यात त्यांची काडीची मदत होत नाही. आणि त्या किती हलवतात हेही माहीत हवं. बहुतेक स्कोपवर एक क्लिक कोनाच्या पाव मिनिटाचा असतो. १०० मीटरवर त्याने नेम सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. १० मीटरवर त्याच्या एक दशांश, म्हणजे ०.७ मिलिमीटर. छर्ऱ्याची जाडीच ४.५ मिलिमीटर. एक सेंटीमीटर सरकायला १० मीटरवर चौदा क्लिक लागतात. तेव्हा दोन क्लिक दिल्यावर पुढचा छर्रा तीन सेंटीमीटर बाजूला गेला, तर तो क्लिकमुळे गेलेलाच नाही.

म्हणून तिला मी सांगितलं आहे की घुंड्यांवर टोपणं घाल आणि त्यांना विसर. एकच ठिपका धर, त्यावर दहा छर्रे झाड. ते ठिपक्यापासून वीतभर लांब पडले तरी चालतील. मग सर्वांत लांबच्या दोन भोकांचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत अंतर मोज आणि त्यातून ४.५ वजा कर. आलेला आकडा कागदावर लिही, शेजारी छर्ऱ्याचं नाव आणि तारीख. तीन छर्ऱ्यांवर कधीच निकाल देऊ नये. तीन छर्रे योगायोगानेही जवळ पडतात, आणि त्या योगायोगावर माणसं पुढे कित्येक दिवस डोकं आपटत बसतात.

आता तुझ्या पोटात काय चालतं ते लिहितो. तुझ्यावरच्या तक्रारीचं निम्मं उत्तर तिथे आहे.

तुझी नळी खाली मोडली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन मागे जाऊन अडकतो. चाप ओढला की तो सुटतो आणि पुढची हवा दाबत निघतो. पिस्टन पुढे निघाला की तू मागे ढकलली जातेस. मग तो दाबलेल्या हवेवर येऊन थडकतो, थांबतो, आणि आता तू पुढे फेकली जातेस. एका चापात दोन धक्के, आधी मागे, मग पुढे, डोळ्याचं पातं लवायच्या आत. यातला महत्त्वाचा भाग असा की छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच तू हललेली असतेस. तू हलणारच. प्रश्न एवढाच की दर वेळी सारखीच हलतेस का.

इथे माझ्या भाचीची अडचण आहे, आणि ती तिच्या चांगल्या शिक्षणातून आली आहे. ती रेंजवर स्पर्धेच्या एअर रायफलीवर शिकली. त्या रायफलीत आधीच भरून ठेवलेल्या हवेच्या सिलिंडरमधून फुंकर सुटते. ना स्प्रिंग, ना पिस्टनचा दणका. तिथे जाड जॅकेट घालायचं, बट खांद्यात पक्का बसवायचा, गाल दर वेळी ठाम टेकवायचा, रायफल आणि शरीर एक करून टाकायचं. शिस्त उत्तम आहे आणि त्या रायफलीसाठी अगदी बरोबर आहे. तीच पकड तिने तुझ्यावर चालवली. तुला आवळून धरलं की तुझा धक्का तिच्या हातात, खांद्यात, श्वासात जाऊन अडतो, आणि माणसाचा हात दोनदा तंतोतंत सारखा आवळला जात नाही. मग तू दर वेळी निराळ्या दिशेला उसळतेस आणि छर्रा त्या दिशेला जातो.

हा धक्का मोठमोठ्यांना जड गेलेला आहे. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीने १९६०च्या दशकात स्पर्धेसाठी स्प्रिंगच्याच रायफली बनवल्या, पण धक्का नेमबाजापर्यंत पोचू नये म्हणून नळी आणि सिलिंडर दस्त्यावर रुळांवरून मागे सरकतील अशी रचना त्यांना करावी लागली. यंत्राने धक्का गिळला, तेव्हा माणसाला घट्ट धरता आलं. तुझ्यात ते रूळ नाहीत. त्यांचं काम हातानेच करायचं.

त्याची रीत ठरलेली आहे, आर्टिलरी होल्ड म्हणतात तिला. डावा पंजा उघडा ठेवायचा आणि तुझा तोल जिथे सांभाळला जातो तिथे, चापाच्या थोडं पुढे, दस्त्याखाली नुसता धरायचा. बोटं वळवून दस्ता पकडायचा नाही. बट खांद्याला टेकेल इतपतच. गाल दस्त्यावर ठेवायचा, दाबायचा नाही. उजव्या हाताची तीन बोटं सैल, अंगठा बाजूला. टेबलावरून झाडायचं तर वाळूच्या पिशवीवर तुला थेट ठेवायचं नाही. पिशवीवर हात आणि हातावर तू. कठीण टेकूवर ठेवलेली स्प्रिंगची रायफल त्या टेकूवरून उडते. चाप ओढल्यावर डोळा स्कोपमधून हलवायचा नाही, भोक दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. पंजाची जागा पुढेमागे करून बघायला लागते, कारण प्रत्येक रायफलीला ती थोडी वेगळी मानवते. सापडली की दस्त्याखाली चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, म्हणजे दर वेळी हात आपोआप तिथेच जातो. मला तर वाटतं, नव्या स्प्रिंग रायफलीच्या निम्म्या तक्रारी या एका गोष्टीने मिटतील.

स्कोपबद्दल तिची एक समजूतही तुझ्या आड येते आहे. तिला वाटलं होतं की दुर्बीण आली की नेम लागणारच. पण म्युनिकमध्ये २०१० साली आमची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. दोघांच्या रायफलींवर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ती चालतच नाही; मागे बारीक भोक आणि पुढे कडं, त्यातूनच बघायचं. दुर्बीण लक्ष्य मोठं दाखवते. हाताचा थरथराटही तेवढाच मोठा दाखवते, आणि तो बघून माणूस आणखी आवळतो. तिने झूम पूर्ण वाढवून छर्रे झाडले आहेत. १० मीटरला चारपट पुरते.

पकडीनंतर स्क्रू. तुझ्या त्या दुहेरी दणक्याने आटे सैल होतात, आणि नव्या रायफलीचं लाकूड अजून बसायचं असतं, त्यामुळे पहिल्या काही शे छर्ऱ्यांत हे जास्तच घडतं. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन बाजूंना दोन स्क्रू, चापाच्या कड्याशी एक किंवा दोन. झाडायला बसायच्या आधी दर वेळी हे हाताने तपासायचे. जोर लावून आवळायचे नाहीत. लाकडात वॉशर रुततो आणि दस्ता चिरतो. निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब पुरतो. नळी जिथे मोडते तिथला बोल्टही बघायचा. नळी अर्धी उघडून, घट्ट धरून, आडवी हलवून पाहायची. तिथे खेळ जाणवला तर नळी दर वेळी वेगळ्या जागी मिटते, आणि स्कोपला ते कळायचा काही मार्ग नाही, कारण स्कोप सिलिंडरवर बसलाय आणि छर्रा नळीतून जातोय.

स्कोपचा माऊंट हा मात्र माझा मुख्य संशयित आहे. तुझ्या सिलिंडरवर ११ मिलिमीटरची खाच आहे, तीत माऊंटचे जबडे बसतात. दणक्याबरोबर स्कोप खाचेतून केसाएवढा मागे सरकतो. पुढच्या वेळी आणखी केसभर. डोळ्याला काही दिसत नाही, कागदावर मात्र भोकं एकाच दिशेने चालत गेलेली दिसतात. भाचीचा चौथा कागद बघ: पहिलं भोक ते सहावं भोक, डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेली ओळ. हात खराब असता तर भोकं विखुरली असती. ओळ लागली म्हणजे काहीतरी सरकतंय. उपाय सोपा. माऊंटच्या पुढच्या कडेला लागून सिलिंडरवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची. वीस छर्ऱ्यांनंतर रेघ आणि माऊंट यांच्यात फट दिसली की चोर सापडला. तुझ्या खाचेत मागच्या बाजूला एक भोक आहे, ते माऊंटच्या अडकणीच्या पिनसाठीच असतं. ती पिन भोकात उतरवली की स्कोप मागे सरकायचा बंद होतो. स्कोपभोवतीच्या कड्यांचे स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे पिळायचे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून, एलन कीचा आखूड दांडा हातात धरून. लांब दांड्याने पिळलं तर स्कोपची नळी चेपते.

स्कोप कोणत्या कामाचा आहे हेही डब्यावर बघायला हवं. तुझ्यापेक्षा कितीतरी पट जोराच्या काडतुसाच्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकणारा स्कोप तुझ्यावर बसवला तर आतून मोडू शकतो. त्या रायफलीचा मोठा धक्का मागच्या दिशेचा असतो आणि स्कोप तेवढाच सोसायला बांधलेला असतो. तुझा दुसरा, पुढचा धक्का त्याच्या हिशेबातच नाही. स्प्रिंग एअर रायफलीसाठी म्हणून बनवलेला स्कोप वेगळा मिळतो, आणि तोच घ्यावा.

आता जे लिहितो ते दुकानात सहसा कुणी सांगत नाही. भाची म्हणाली, वरची घुंडी फिरवून फिरवून टोकाला पोचली तरी छर्रे खालीच पडतात. मोडणाऱ्या नळीच्या रायफलींत नळी सिलिंडरच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असणं हे नेहमीचंच आहे, त्यात तुझं काही वेगळं नाही. मूळच्या माशी-खाचेने नेम धरला तर ते कळतही नाही, कारण पुढची माशी आणि मागची खाच दोन्ही नळीवरच असतात. स्कोप सिलिंडरवर, म्हणून त्याला तो झुकाव भरून काढावा लागतो. घुंडी टोकाला नेली की स्कोपच्या आत एक घोळ होतो. फुली धरणारी आतली नळी एका बाजूने घुंडीच्या स्क्रूवर आणि दुसऱ्या बाजूने छोट्या स्प्रिंगवर टेकलेली असते. टोकाला ती स्प्रिंग सैल पडते आणि आतली नळी प्रत्येक दणक्यानंतर हवी तिथे बसते. तुझा ग्रुप फुटतो आणि बाहेरून सगळं घट्ट दिसतं.

उपाय असा: घुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवायची, आकड्याचा निम्मा काढायचा आणि तिथे आणून ठेवायची. मग स्कोपचं मागचं बूड उचलायचं. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याची पट्टी कापून, कडा घासून, मागच्या कड्यात स्कोपखाली घालायची. दोन कड्यांमध्ये १० सेंटीमीटर अंतर असेल तर ०.१ मिलिमीटरच्या पट्टीने १० मीटरवर नेम एक सेंटीमीटर वर जातो. हिशेब सरळ आहे आणि मला तो करायला आवडतो. दोन-तीन पट्ट्यांहून जास्त लागल्या तर थांबायचं, कारण मग स्कोप वाकतो. झुकाव भरून काढणारा तयार माऊंट मिळतो, तो घ्यायचा.

स्कोपचा आणखी एक दोष म्हणजे पॅरलॅक्स. तो समजायला एक प्रयोग पुरे. तुला पिशव्यांवर स्थिर ठेवायचं, हात काढायचे, फक्त डोळा स्कोपमागे किंचित वर-खाली, डावीकडे-उजवीकडे न्यायचा. तू हललेली नसताना फुली लक्ष्यावर फिरताना दिसली, तर डोळा जिथे असेल तिथे नेम जाणार. साध्या रायफल स्कोपमध्ये हा दोष बरेचदा १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला नाहीसा होईल असं जुळवलेलं असतं. अंगणातल्या १० मीटरवर तो अंगावर येतो. पुढच्या भिंगाशी फिरवायचं कडं असेल तर ते १० मीटरवर आणायचं. नसेल तर झूम कमी करायचं आणि डोळा अगदी मधोमध, काळी किनार चारी बाजूंनी सारखी दिसेल असा ठेवायचा. स्कोप बसवताना फुलीची उभी रेघ ओळंब्याशी जुळवून घ्यायची. भिंतीवर दोरीला वजन बांधून टांगलं की झालं.

छर्ऱ्यांवर मी मुद्दाम उशिरा आलो, कारण हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि इथे पैसेही कमी लागतात. भाचीने दुकानदाराने दिलेली एकच डबी वापरली. त्यातले छर्रे मी पांढऱ्या कापडावर ओतून भिंगाखाली पाहिले. छर्रा डमरूच्या आकाराचा, मऊ शिशाचा. पुढे भरीव डोकं, मागे पोकळ घेर. तो घेर हवेच्या दाबाने फुलून नळीला चिकटतो आणि आतल्या पीळदार खाचा पकडतो. त्या डबीत कितीतरी छर्ऱ्यांचा घेर चेपलेला होता, काहींच्या कडेला शिशाचा बर, म्हणजे खरखरीत कंगोरा, होता. चेपका घेर एका बाजूने हवा सोडतो आणि छर्रा बाहेर पडतानाच तिरका होतो. यात तुझा काय दोष?

डोक्याचा व्यास चांगल्या डब्यांवर छापलेला असतो: ४.५०, ४.५१, ४.५२. कोणता तुझ्या नळीला मानवेल ते झाडूनच कळतं, वजनाचंही तसंच. साधारण ७ ते ९ ग्रेनचे तीन-चार प्रकार आणायचे. १० मीटरच्या कागदासाठी सपाट डोक्याचे, लांब पल्ल्यासाठी गोल डोक्याचे. बदल केला की पहिले दहा-वीस छर्रे हिशेबात धरायचे नाहीत, नळी नव्या शिशाला बसू द्यायची. फार हलके छर्रे आणू नयेत. जाहिरातीतला वेगाचा मोठा आकडा त्यांच्यावरच काढलेला असतो. सेकंदाला ३४३ मीटर हा आवाजाचा वेग. त्याच्या आसपास गेलेला छर्रा डगमगतो. शिवाय हलक्या छर्ऱ्यामागे हवा पुरेशी दबत नाही आणि पिस्टन जोरात आपटतो. छर्रा न घालता तुझा चाप ओढणं हे तर कधीच नको. रेंजवर कोरा चाप ओढायचा सराव असतो, तिथल्या रायफली त्यासाठी बनवलेल्या असतात. तुझं सील आणि स्प्रिंग त्याने खलास होतील.

पहिल्या दिवसांत तुझ्या तोंडातून धूर येतो, जळक्या तेलाचा वास येतो, आवाज कमी-जास्त होतो. कारखान्यात लावलेलं तेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटत असतं. प्रत्येक छर्ऱ्याचा वेग त्यामुळे वेगळा आणि भोकं वर-खाली. हे आपोआप थांबतं. तेल आणखी घालायचं नाही. नळीतलं ग्रीस कोरड्या कापडाच्या पट्टीने ओढून काढायचं, लोखंडी ब्रश लावायचा नाही.

आणि इतकं सगळं करूनही ग्रुप जुळला नाही तर? तर स्कोप काढून ठेवायचा. तुझ्यावर मूळची माशी आणि खाच आहे. त्यांनी दहा छर्रे झाडायचे, त्याच पकडीने, त्याच छर्ऱ्यांनी. हा कागद स्कोपच्या कागदाशेजारी ठेवला की वाद मिटतो. माशीने ग्रुप लहान आला तर दोष स्कोपचा किंवा माऊंटचा, तू सुटलीस. दोन्ही तितकेच विस्कटलेले आले तर स्कोप सुटला. हे मी खरं तर पहिल्या दिवशी करायला सांगितलं असतं, पण तेव्हा पकडच बरोबर नव्हती, आणि बिघडलेल्या पकडीने केलेली कोणतीही तुलना निरुपयोगी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पकड, स्क्रू आणि छर्रे एकाच दिवशी बदलले आणि नेम सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही; पुन्हा बिघडला की परत पहिल्यापासून.

एक गोष्ट तुझ्याबद्दल बाकीच्या घरालाही सांगायची आहे. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून तू खेळणं ठरत नाहीस. तुझा छर्रा डोळा फोडू शकतो आणि फरशीवरून उलटून परतही येतो. अंगणात मागे भिंत, भिंतीपुढे जाड लोखंडी पत्रा आणि त्यापुढे दाबून भरलेल्या रद्दीचं खोकं, झाडणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा. कोणत्याही पक्ष्याकडे, प्राण्याकडे तुझं तोंड कधी वळता कामा नये. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, आणि तो नसता तरी मी हेच म्हटलं असतं. शिसं हाताळल्यावर हात धुवायचे.

शेवटी तुझ्या खऱ्या दोषांचं. ते असू शकतात, हे मी मान्य करतो. नळीचं तोंड कारखान्यात नीट कापलं गेलं नसेल तर छर्रा बाहेर पडताना एका बाजूने आधी सुटतो आणि हवा त्याला ढकलते. कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवली की बर असेल तिथे धागा अडकतो. तोंडावर बसवलेल्या मझल ब्रेकचं भोक मधोमध नसेल तर छर्रा घासून जातो. आत शिशाची करडी रेघ दिसते. नळी मिटते तिथलं सील गळत असेल तर सांध्यावर पातळ टिश्यू पेपरची पट्टी ठेवून झाडलं की ती उडते. सील स्वस्त आहे आणि घरी बदलता येतं. तोंड आणि वाकलेली नळी घरी दुरुस्त करायची नाही.

पावतीवर परतीची मुदत आहे, तेवढ्यात हे सगळं होण्यासारखं आहे. भाचीला मी रविवारी बोलावलं आहे. एलन की, नेलपॉलिश, कोल्ड्रिंकचा रिकामा डबा आणि छर्ऱ्यांच्या तीन डब्या घेऊन. स्कोपचा कागद आणि माशीचा कागद दोन्ही जपून ठेवायचे, छर्ऱ्याचं नाव आणि अंतर लिहून. चांगल्या पकडीने, चांगल्या छर्ऱ्यांनी, माशीवरसुद्धा १० मीटरचा ग्रुप रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेला नाही आणि काडीला धागा अडकला, तर ते दोन्ही कागद घेऊन मी स्वतः तिच्याबरोबर दुकानात येईन आणि नळी बदलून मागेन.

तुझ्या मालकिणीचा मामा